नवी लिपस्टिक, गाजावाजा आणि थांबायचं गणित

"सगळ्यांकडे आहे, म्हणजे चांगलीच असेल ना?" यवतमाळ, पुसद, वणी, कुठल्याही गावी नवरात्राच्या आधी सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात हा प्रश्न हमखास ऐकू येतो. यवतमाळचा दुर्गोत्सव मोठा. नऊ दिवस देवी पाहायला गर्दी, सोबत दांडिया, पाठोपाठ दिवाळी आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई. कंपन्यांचा नवा मालही याच सुमाराला येतो. मोबाइलवर आठ-पंधरा दिवस तेच नाव, तीच डबी आणि तोच ओठांचा रंग दिसत राहतो. माल दुकानात पोचायच्या आत तो घ्यायचा हे मनात पक्कं झालेलं असतं.

नटणं-सजणं ही आनंदाची गोष्ट आहे आणि स्वतःच्या पैशाने ती करणाऱ्या बाईला कुणी हिशेब मागू नये. पण ज्या नळीवर सात-आठशे रुपये जायचे तिच्यात काय आहे, तिच्याबद्दल बोलणाऱ्याला त्यातून काय मिळतं आणि घरात आधीची किती शिल्लक आहे, एवढं कळलं तर "घेते" आणि "नाही घेत" ही दोन्ही उत्तरं तिची स्वतःची ठरतात. हे प्रकरण मुख्यतः "नाही घेत" या उत्तराबद्दल आहे, कारण ते द्यायला कुणी मदत करत नाही.

१. नळीत असतं तरी काय?

लिपस्टिक म्हणजे मुख्यतः मेण, तेल आणि रंग. मेणामुळे ती नळीत ताठ उभी राहते, तेलामुळे ओठांवरून सरकते, रंगामुळे दिसते. मेण मधमाश्यांचं असतं, ब्राझीलमधल्या कार्नोबा ताडाच्या पानांवरचं असतं किंवा कँडेलिला नावाच्या झुडपाचं. तेलांमध्ये एरंडेलाचा मान जुना. ते दाट आणि चिकट असतं, त्यामुळे रंगाची पूड धरून ठेवतं. रंगांत लोहाची ऑक्साइडं येतात. गेरूला तांबडेपणा देणारी तीच. पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, लालसाठी कारखान्यात बनवलेले रंग किंवा कार्माइन. कार्माइन हे निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यांपासून काढतात. शाकाहार काटेकोर पाळणाऱ्या घरात हे माहीत असलेलं बरं; वेष्टनावर ते 'सीआय ७५४७०' या क्रमांकाने लिहिलेलं असतं.

मग 'मॅट', 'ग्लॉसी', 'क्रीमी' हे प्रकार कुठून येतात? याच वस्तूंचं प्रमाण बदलून. तेल वाढवलं की चकाकी येते. तेल कमी करून सिलिकासारखी कोरडी पूड वाढवली की मॅट. द्रवरूप मॅट लिपस्टिकमध्ये बहुधा आयसोडोडेकेनसारखं चटकन उडून जाणारं द्रव असतं. ते उडालं की ओठांवर रंगाचा पातळ थर घट्ट बसतो, म्हणून चहाच्या कपाला डाग लागत नाही. त्याच कारणाने ओठ कोरडे पडल्यासारखे वाटतात, आणि यवतमाळच्या एप्रिल-मेमधल्या कोरड्या झळांत ते जास्तच जाणवतं.

उन्हाची आणखी एक गोष्ट जाहिरातीत कधी येत नाही. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि उन्हात उभ्या राहिलेल्या बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी वर. मेण वितळायच्या आधीच मऊ होतं आणि त्यातलं तेल सुटू लागतं. नळी गरम-थंड होत राहिली की लिपस्टिकला घाम सुटतो. झाकण काढलं तर टोकावर तेलाचे बारीक, चमकणारे थेंब दिसतात, आणि पुढे कधीकधी तिथे पांढरट खरखरीत थर येतो. थेंब आले म्हणजे माल विषारी झाला असं नाही, पण मेण-तेलाची बसलेली घडी मोडलेली असते आणि रंग सारखा लागत नाही. उन्हाळ्यात कुरिअरने मागवलेली महागडी नळी अशी निघाली, तर दोष बनवणाऱ्याचाच असेल असंही नाही, प्रवासाचाही असतो.

२. 'नवं' नेमकं कुठे आहे?

डबीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: केशरयुक्त, हायलुरॉनिक आम्लयुक्त, जीवनसत्त्व ई-युक्त. नवेपणाचा सगळा दावा या एका घटकावर उभा असतो. तो घटक त्यात किती आहे, हे मागच्या बारीक अक्षरांवरून पुष्कळसं कळतं.

भारतात सौंदर्यप्रसाधनांसाठी २०२० चे स्वतंत्र नियम आहेत. त्यांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात; सर्वांत जास्त असलेला पहिला. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर येतात, पण आपसात कुठल्याही क्रमाने. त्यामुळे यादीत एक टक्क्याची रेघ सापडली की काम सोपं होतं. फाउंडेशन आणि क्रीममध्ये ती शोधायला फिनॉक्सिइथेनॉल हे नाव कामी येतं. हे माल टिकवणारं द्रव्य आहे आणि ते एक टक्क्याहून जास्त घालायला परवानगी नाही. म्हणजे यादीत त्याच्या मागे असलेली प्रत्येक गोष्ट एक टक्का किंवा त्याहूनही कमी. शेवटी येणारे रंगांचे क्रमांक तेवढे या हिशेबातून वगळायचे.

एक उदाहरण घेऊ. समजा एका नव्या फाउंडेशनच्या डबीवर केशराच्या तंतूंचं ठसठशीत चित्र आहे. मागची यादी अशी: पाणी, सिलिकॉन, टायटॅनियम डायऑक्साइड, ग्लिसरीन, टाल्क, फिनॉक्सिइथेनॉल, सुगंध, केशराचा अर्क. म्हणजे ३० ग्रॅमच्या नळीत केशराचा अर्क फार तर ०.३ ग्रॅम, आणि अर्क स्वतःच बहुतेक पाणी किंवा ग्लिसरीन असू शकतो. उरलेली नळी, घरात आहे त्या फाउंडेशनसारखीच. काही घटक अगदी थोड्या प्रमाणातही गुण देतात, हे खरं. पण मग कंपनीने प्रमाण सांगावं. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं असतं, ते टक्केवारी पुढच्या बाजूला छापतात.

३. गाजावाजा कसा उभा करतात?

ओळखीच्या चेहऱ्याकडून माल विकणं जुनंच आहे. १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. त्या साबणाची जाहिरात करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री, आणि मराठी. मात्र मासिकातलं ते पान जाहिरातीचं आहे हे वाचणाऱ्याला दिसत होतं. आजचं रील मैत्रिणीने स्वयंपाकघरात उभं राहून सांगितल्यासारखं असतं. बोलणारी मुलगी आपल्याच वयाची, बोली आपली, घराची भिंतही आपल्यासारखी. तिचा सल्ला मनात सरळ उतरतो आणि तिला तो माल फुकट आला होता का, हे विचारायचं राहून जातं.

त्यासाठी नियम आहेत. जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमन संस्थेने २०२१ मध्ये ठरवलं की पैसे किंवा मोफत माल घेऊन केलेल्या व्हिडिओवर तसं स्पष्ट लिहावं. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने व्हिडिओ करणाऱ्यांसाठी वेगळी पुस्तिका दिली: ही जाहिरात आहे हे सहज दिसेल असं आणि ज्या भाषेत बोलता त्याच भाषेत सांगा. दिशाभूल केल्यास दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून मराठी रील पाहताना एका कोपऱ्यात 'सशुल्क भागीदारी' किंवा 'ॲड' अशी अक्षरं आहेत का, ते आधी पाहावं. "माझा कोड टाका, दहा टक्के सूट मिळेल" असं ऐकलं, तर प्रत्येक विक्रीमागे सांगणारीलाही वाटा मिळत असण्याची शक्यता मोठी. तेवढ्याने ती खोटं बोलते असं होत नाही. पण तिला माल नावडला असता, तर तो व्हिडिओ बनलाच नसता.

दुसरं हत्यार टंचाईचं. कायली जेनर या अमेरिकी तरुणीने ३० नोव्हेंबर २०१५ रोजी ओठांच्या रंगाचे १५,००० संच विक्रीला काढले आणि बघता बघता ते संपले. "संपलं" ही बातमीच पुढची जाहिरात झाली. ज्यांना मिळालं नाही त्या हळहळल्या, काहींनी दुसऱ्यांकडून चढ्या भावाने घेतलं. २०१८ मध्ये त्याच कंपनीचा माल अमेरिकेतल्या उल्टा या मोठ्या दुकानसाखळीत सहज मिळू लागला. २०१५ ची ती टंचाई कारखान्याने किती माल काढला यातून आलेली होती.

तिसरी गोष्ट जॅकलिन हिल हिची. वर्षानुवर्षं मेकअपचे व्हिडिओ करणारी, लाखो मुलींचा विश्वास कमावलेली बाई. तिने स्वतःच्या लिपस्टिकची वाट बघायला लावली आणि मे २०१९ च्या शेवटी ती बाजारात आणली. काही दिवसांतच घेणाऱ्यांनी नळ्यांचे जवळून काढलेले फोटो टाकायला सुरुवात केली: रंगात गुठळ्या, खर, चिकटलेले तंतू. जूनमध्ये तिने माफी मागून पैसे परत देण्याची तयारी दाखवली. पहिल्याच दिवशी घेणाऱ्या बहुतेक जणी तिच्या जुन्या चाहत्या असणार. तीन आठवडे थांबलेलीला मात्र काहीच करावं लागलं नाही.

४. सरकी घेताना जे करतो ते

यवतमाळ जिल्ह्याला नव्या मालाच्या गाजावाजाची ओळख वेगळ्याच दुकानातून आहे. जून जवळ आला की कृषी केंद्रांवर सरकीच्या नव्या वाणांचे फलक लागतात, टपोऱ्या बोंडांचे फोटो येतात, अमुक वाण संपत आलं अशी हाकाटी होते. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यापासून दर हंगामात नवी नावं आली. जाणता शेतकरी त्या वेळी एकच विचारतो: "मागल्या साली कोनं लावलं होतं? उतारा कसा आला?" फलकावरचं बोंड त्याला पुरत नाही, शेजारच्या शिवारातली पऱ्हाटी डिसेंबरात पाहिलेली असली तर तो हात घालतो. फारच मोह झाला तर एखादी थैली आणून बांधाकडच्या तासांत लावून बघतो.

लिपस्टिकच्या बाबतीत हंगाम लहान असतो, इतकंच. सहा-आठ आठवडे पुरतात. तेवढ्यात फुकट माल मिळालेल्यांचे व्हिडिओ मागे पडतात आणि स्वतःच्या पैशाने घेतलेल्यांचं बोलणं सुरू होतं. गर्दीत, घामात, जेवणानंतर रंग कसा राहिला, ओठ सोलवटले का, दुसऱ्या महिन्यात वास बदलला का, हे पहिल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. भावही बहुधा उतरतो: 'दोनवर एक', सणाची सूट, लहान नळीसोबत जोडी. थांबणाऱ्या बाईच्या हातून नवरात्रातला एखादा फोटो निसटेल. माल निसटत नाही.

मैत्रिणीची नळी पाहायला मिळत असेल तर रंग मनगटाच्या आतल्या बाजूला लावावा, दुकानातल्या दिव्याखालून बाहेर उजेडात यावं आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघावं. ओठांचा स्वतःचा रंग त्यात मिसळतो, म्हणून फोनवर दिसलेली गुलाबी छटा गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यावर राखाडी वाटू शकते. दुकानातली सगळ्यांनी वापरलेली टेस्टर नळी ओठांना लावू नये. तिथे संसर्गाचा धोका आहे.

५. घरातला साठा मोजला तर

आता साधं गणित. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लिपस्टिक वापरणाऱ्या बायकांकडच्या नळ्यांची वजनं करून रोज किती लागते हे काढलं होतं. सरासरी आली दिवसाला २४ मिलिग्रॅम. एका नळीत समजा ४ ग्रॅम, म्हणजे ४,००० मिलिग्रॅम माल आहे. भागाकार केला तर ती नळी सुमारे १६७ दिवस पुरते.

पण रोज लिपस्टिक लावणाऱ्या किती? कॉलेजच्या किंवा घर-नोकरी सांभाळणाऱ्या पुष्कळ बायका आठवड्यातून दोनदा लावतात. वर्षाचे झाले १०४ दिवस. म्हणजे एक नळी दीड वर्षाहून जास्त चालते. ड्रॉवरमध्ये सहा नळ्या असतील तर त्या जवळजवळ साडेनऊ वर्षं पुरतील. आणि उघडल्यावर लिपस्टिक साधारण वर्ष-दोन वर्षंच चांगली राहते. वेष्टनावर उघड्या डबीच्या छोट्या चित्रात '१२ एम' किंवा '२४ एम' असं लिहिलेलं असतं, ते हेच महिने. सातवी नळी घेणारीच्या हातून खरं तर आधीच्या सहांतल्या चार-पाच फेकल्या जाणार आहेत, आणि त्या फेकायच्या दिवशी त्यांच्यावर किती खर्च झाला होता हे आठवतही नाही.

किंमत दर वापराला किती पडते, हेही काढून बघावं. ७९९ रुपयांची नळी १६७ दिवस वापरली तर दिवसाला पावणेपाच रुपये. तीच पंधरा वेळा लावून विसरली गेली तर प्रत्येक वेळेचे ५३ रुपये. अडीचशेची आवडती नळी संपेपर्यंत वापरली तर दिवसाला दीड रुपया. ज्या घरात पैसा कापसातून येतो त्यांना आणखी एक माप लागू पडतं. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. त्या भावाने ७९९ रुपये म्हणजे जवळपास दहा किलो कापूस. वेचणीला गेलेल्या बाईला दहा किलो म्हणजे किती ओळी, हे सांगावं लागत नाही.

६. अकोल्यातल्या तिघी

इथवर गोष्ट पैशांची होती. कधीकधी ती तब्येतीची होते आणि तिथे न घेण्याचं महत्त्व फार वेगळं आहे. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका घराची बातमी आली. तरुण मुलीने ब्युटी पार्लरमधून रंग उजळणारी क्रीम आणली. चेहरा खरोखरच उजळला, लोक कौतुक करू लागले. ते पाहून आईने आणि बहिणीनेही तीच वापरायला घेतली. पुढे तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लागला: क्रीममध्ये पारा होता.

पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून रंग झपाट्याने उतरतो. तोच पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाच्या गाळणीवर परिणाम करतो. गाळणी बिघडली की रक्तातली प्रथिनं लघवीवाटे जाऊ लागतात, लघवीला फेस येतो, पाय आणि डोळ्यांखालचा भाग सुजतो. केरळमधल्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या अशाच एका विशिष्ट आजाराचे रुग्ण अभ्यासले. त्या १५ पैकी १३ जणांनी गोरं करणाऱ्या क्रीम वापरल्याचं सांगितलं. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला. म्हणून अशी सूज दिसली तर डॉक्टरांना क्रीमबद्दल आपणहून सांगावं, आणि डबी सोबत न्यावी.

भारतीय नियमांत चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मुद्दाम घालायला परवानगीच नाही. नकळत आलेला दहा लाख भागांत एक भागापर्यंतच चालतो. अकोल्यातली क्रीम घरात पसरली ती जाहिरातीने नव्हे. डोळ्यांसमोर दिसणाऱ्या परिणामामुळे पसरली, आणि म्हणूनच तिच्यावर शंका घेणं घरातल्यांना अवघड गेलं. चार-आठ दिवसांत रंग उजळला हे ऐकलं की हात मागे घ्यावा, सांगणारी सख्खी बहीण असली तरी.

७. तरीही घ्यायचीच असेल तर

न घेण्याची सगळी कारणं तपासूनही एखादा रंग मनात राहतोच, आणि तो घेण्यात काही गैर नाही. मग खोका हातात घेऊन उत्पादकाचा पूर्ण पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख पाहावी. परदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक. आठवडी बाजारात निम्म्या भावात मिळणाऱ्या नामांकित नळीवर यातलं काही पुसट असेल, नावातलं एखादं अक्षर चुकलेलं असेल, तर ती नकलीच समजावी. लहान नळीवर सगळी माहिती मावत नाही, म्हणून बाहेरचा खोका लगेच टाकून देऊ नये. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघावी.

बिल मात्र मागून घ्यावं, ताई-माई करून दुकानदाराने टाळलं तरी. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यापासून ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते; कंपनी मुंबईची असो की दिल्लीची, तक्रार यवतमाळला दाखल होते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्क लागत नाही.